त्या तुमच्या कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भाजीवाली विचारते, इमारतीत नव्यानं राहायला आलेली माणसं विचारतात, जुने विद्यार्थी भेटले की तेही विचारतात: "बाई, तुमच्याकडे राहतात त्या तुमच्या कोण लागतात?"

लागत काहीच नाहीत. गाव वेगळं, जात वेगळी, माहेरचा-सासरचा दुवा नाही. मी शाळेत मराठी शिकवायचे, त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मी त्यांना सिस्टर म्हणते, त्या मला बाई म्हणतात, आणि इतक्या वर्षांत आमचं अहो-जाहो सुटलेलं नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आम्ही एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या घरांत एकेकट्या होतो. तिसऱ्या-चौथ्या रात्री दार वाजलं. सिस्टर उशी आणि चादर घेऊन उभ्या. "सोबतीला येऊ का?" म्हणाल्या. सोबत नक्की कुणाला हवी होती, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ते वाक्य माझ्या फार ओळखीचं होतं. लहानपणी शेजारचे काका फिरतीवर गेले की काकूंकडे आम्हा बहिणींपैकी कुणाला तरी सोबतीला झोपायला धाडत. नऊ वर्षांची पोर चोराला काय अडवणार? पण काकूंना झोप लागायची. रात्री परसात जायचं तर आईसुद्धा धाकट्या भावाला सोबत म्हणून न्यायची. सोबतीला आलेल्या माणसाकडून कामाची अपेक्षा नसते. ते तिथं असलं की झालं.

मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे सिस्टरांसाठी बाकीचे शब्दही मी लावून पाहिले आहेत. जोडीदार म्हटलं की नवरा-बायको डोळ्यांपुढे येतात. 'साथ' संस्कृतातल्या 'सार्थ'वरून आली; सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. एकट्यानं घाट ओलांडणं धोक्याचं, म्हणून जथ्यानं निघायचं, त्यातला तो साथी. मला हा शब्द आवडतो, पण एस. एम. जोशींच्या नावाआधी लागला की त्यात चळवळ येते आणि तबल्याला लागला की मैफल. साथ रोगाचीही येते. आमच्याकडे तीच आधी आली. सांगाती तुकोबांनी विठ्ठलाला देऊन टाकला, "जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती", आता तो मला माणसासाठी वापरवत नाही. सगळ्यांत जवळची वाटली ती पाठराखीण. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर माहेरची एखादी बाई जायची, चार दिवस राहून परतायची. सिस्टर परतल्या नाहीत.

भाचा परदेशातून फोनवर सांगतो, "मावशी, सरळ कम्पॅनियन म्हण." तो शब्दही गोड आहे. त्याच्या पोटात लॅटिनमधला 'पानिस' आहे, म्हणजे आपली भाकर. एका भाकरीत वाटेकरी असलेली माणसं ती कम्पॅनियन. त्याच पानिसचा पोर्तुगीजांच्या तोंडून पाव झाला आणि तो आपल्याकडे आला. हे सांगितलं तेव्हा सिस्टर खूश झाल्या, कारण भाकरी त्यांची आणि आमटी माझी असं आमचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे.

तरी मी सोबतच म्हणते. हा शब्द अरबी 'सुहबत'चा, फारसीतून मराठीत आलेला. पैगंबरांच्या सहवासात राहिलेल्यांना सहाबा म्हणतात, तोही त्याच धातूचा. इतक्या लांबून आलेला शब्द, पण आमच्या काकूंना कोणी तसं सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

बँकेत नॉमिनी म्हणून मी सिस्टरांचं नाव दिलं. त्या अर्जावर छापलं होतं, 'नाते, असल्यास'. त्या 'असल्यास'चे मी मनातून आभार मानले आणि पुढे 'सोबत' असं लिहिलं.

दवाखान्यातल्या अर्जावर 'असल्यास' नव्हतं. गेल्या वर्षी सिस्टर न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मी 'शेजारीण' लिहिलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजी, सही नातेवाइकाचीच लागेल." त्यांचा भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचणार नव्हता. मी ते खोडलं आणि 'बहीण' लिहिलं. वर्षानुवर्षं मुलांच्या वह्यांत चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारत आले आणि सिस्टरांच्या कागदावर मीच चुकीचा शब्द लिहिला. ते अजून सलतं. असे अर्ज बदलायला हवेत. कुणाच्या तरी आयुष्यात माझ्यासारखंच माणूस असेल, आणि त्याला त्या रात्री खोटं लिहावं लागू नये.

पहाटे दोनच्या सुमाराला वॉर्डाचं दार उघडलं. एक तरुण नर्स बाहेर आली. हातातल्या कागदाकडे न बघता बाकांवर बसलेल्या आम्हा सगळ्यांना तिनं विचारलं, "चार नंबरच्या पेशंटसोबत कोण आहे?"

मी उठून उभी राहिले.