पन्नास पाच

परिपाठात बातम्या वाचायचं काम आठवीत माझ्याकडे आलं, ते काही आवाज चांगला म्हणून नव्हे. आमचं घर एसटी स्टँडला लागून. पेपरचा गठ्ठा पहिल्या गाडीने यायचा आणि आमच्या दारातच सुटायचा. त्यातल्या पाच बातम्या वहीत उतरवायच्या आणि प्रार्थनेनंतर वाचायच्या. पहिल्याच दिवशी मी खणखणीत आवाजात वाचलं, ‘कोयना धरनातून पानी सोडले.’

मराठीच्या बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत मात्र त्यांनी मला व्हरांड्यात उभं केलं, जिभेचं टोक टाळूला लावायला सांगितलं आणि ‘पाणी, लोणी, गाऱ्हाणी’ पन्नास वेळा म्हणून घेतलं. डब्यातली भाकरी तशीच घरी गेली. संध्याकाळी आईकडे पाणी मागितलं तर ती म्हणाली, ‘कुनाची नक्कल करतोयस रं?’

आकड्यांच्या बाबतीत बाई त्याहून कडक होत्या. आकडा आला की आधी क्षणभर थांबायचं, मग तो एकदाच आणि पुरता म्हणायचा. ‘बावन्न’ला ‘बावन’ केलेलं त्यांना खपायचं नाही.

सात वाजता शेजारच्या काकांकडे मुंबई दूरदर्शनच्या बातम्या लागायच्या. प्रदीप भिडे वाचायला बसले की मी त्यांच्या तोंडाकडेच बघत राहायचो. हातवारे नाहीत, आरडाओरडा नाही. आकड्याआधी तेही थांबायचे. बाईंचंच ऐकतात, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

१९९८ मध्ये सांगलीत एका केबल वाहिनीवर मला काम मिळालं. स्टुडिओ म्हणजे गाळ्याच्या माळ्यावरची खोली. पडदा निळा, आणि पंखा बंद, कारण त्याचा आवाज माइकमध्ये यायचा. चारला रेकॉर्डिंग व्हायचं, मग व्हीएचएस कॅसेटच्या प्रती निघायच्या आणि एक पोरगा एम-एटीवरून त्या मिरज, कुपवाड, माधवनगरच्या केबलवाल्यांना पोचवायचा. त्याची गाडी पंक्चर झाली की मिरजेत कालच्याच बातम्या लागायच्या, आणि तक्रारीचा एकही फोन यायचा नाही. हळदीचे सौदे, बेदाण्याचे दर, महापालिकेतली भांडणं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, निधनवार्ता, सगळं मीच वाचलं. मानधन तीन-तीन महिने अडायचं. तरी बाजारात भाजीवाली ‘बातम्यावाले आले’ म्हणून चार मिरच्या जास्त टाकायची.

पावसाळ्यात मात्र आमच्याकडे बातमी एकच असते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती? ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. अमुक फुटाला पाणी कुठल्या गल्लीत शिरणार, हे गावभागातली माणसं घरबसल्या सांगतात.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितावरून वाद पेटला. ‘सत्तावीस’ऐवजी ‘वीस सात’! ती बातमी मी जरा चवीनेच वाचली, शेवटी नको तेवढं हसलोही. ऑगस्टमध्ये कृष्णा चढली. २००५ च्या पुराच्या खुणेवर पाणी थांबेल, या हिशेबाने कितीतरी माणसं वरच्या मजल्यावर बसून राहिली होती. पाणी ती खूण ओलांडून गेलं. वीज गेली, केबल गेली. मग आम्ही मोबाइलवरून थेट बोलायला लागलो. अंगावर ब्लेझर आणि खाली गुडघ्यापर्यंत दुमडलेली ओली पँट. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून दूरदर्शनवर बातम्या वाचायला बसायच्या, असं सांगतात. त्या दिवशी मला उगाच तेच आठवत होतं.

ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं नेणारी बोट उलटली त्या दिवशी दर दहा मिनिटांनी मृतांचा नवा आकडा कानावर येत होता. मी एकही वाचला नाही. मालक चिडले. मी नुसतं ‘शोध चालू आहे’ म्हणत राहिलो.

पुलाजवळ पाणी किती फूट झालं, हे विचारायला फोन सारखे येत होते. रेंज तुटक, मागे पावसाचा आवाज. मी ‘पंचावन्न’ म्हटलं की पलीकडून ‘बावन्न?’ एका म्हातारबाबांना मी तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा त्यांना बावन्नच ऐकू आलं. म्हणजे त्यांच्या लेखी अजून वेळ होता. शेवटी मी ओरडलो, ‘बाबा, पन्नास पाच! पन्नास आनि वर पाच! पानी वाढतंय, वर जावा!’ तेव्हा कुठे ते ‘आरं द्येवा’ म्हणाले. पुढे प्रक्षेपणातही मी दोन्ही म्हणू लागलो. पंचावन्न, पन्नास पाच.

त्या रात्री बाईंचा फोन आला. निवृत्तीनंतर त्या विश्रामबागला मुलीकडे राहायच्या. आवाज अजून तोच.

‘पन्नास पाच काय रे? आणि मघाशी ‘पानी’ म्हणालास तू.’

मी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. फोन कट झाला असं वाटून मी ‘हॅलो, बाई’ म्हणालो.

‘आहे मी,’ त्या म्हणाल्या. ‘आता किती आहे? सावकाश सांग. इथे वरच्या मजल्यावरच्यांना कळवायचंय.’