काजव्याचे जनुक आणि मेंदूतले घड्याळ

जर्मनीतील ज्या प्रयोगशाळेत मी सध्या काम करते, तेथे जनुकीय बदल केलेल्या उंदरांच्या मदतीने मेंदूतील पीईआर-२ या प्रथिनाचा अभ्यास चालतो. झोप, जाग आणि भूक यांचे रोजचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या प्रथिनांपैकी हे एक. जोसेफ ताकाहाशी यांच्या अमेरिकेतील गटाने २००४ मध्ये उंदराच्या या प्रथिनाला काजव्याच्या ल्युसिफरेजची, म्हणजे प्रकाश निर्माण करणाऱ्या विकराची, जोड दिली. त्यामुळे पेशीत पीईआर-२ वाढले की ल्युसिफेरिनच्या (हा विकर ज्यावर क्रिया करून प्रकाश देतो त्या पदार्थाच्या) सान्निध्यात तिचा प्रकाशही वाढतो. पावसाच्या तोंडावर पेंचच्या जंगलात काजवे पाहिलेल्यांनी मात्र तसा लखलखाट डोळ्यांसमोर आणू नये, कारण हा प्रकाश अतिशय मंद असतो आणि तो अतिसंवेदनशील उपकरणांनीच मोजावा लागतो.

दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर सुमारे २०,००० चेतापेशींचे एक केंद्र असते; हेच मेंदूतले घड्याळ. त्या भागाचा पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा काप आम्ही पातळ पटलावर ठेवतो, खालच्या पोषक द्रवात ल्युसिफेरिन मिसळतो आणि बशी बंद करून उबदार, काळोख्या पेटीत ठेवतो. मग संगणकावरची प्रकाशाची रेघ हळूहळू चढू लागते, उतरते आणि साधारण चोवीस तासांनी पुन्हा चढते. शरीर नाही, सूर्य नाही, तरी हा क्रम कित्येक आठवडे चालतो. ही रेघ पाहताना मला आजही भरून येते. पूर्वी अशा मोजणीसाठी दर काही तासांनी वेगळा प्राणी मारावा लागे. आता एकच काप पुष्कळ काही सांगतो, आणि मला या पद्धतीचे हेच सर्वांत मोठे मोल वाटते.

यकृताच्या पेशींतही असेच घड्याळ असते. उंदरांना त्यांच्या विश्रांतीच्या वेळीच अन्न दिले, तर यकृताचे घड्याळ काही दिवसांत त्या वेळेकडे सरकते, पण मेंदूतले केंद्र उजेड-अंधाराशीच बांधलेले राहते. बुटीबोरीच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा माझा दादा मध्यरात्री डबा उघडतो, तेव्हा त्याच्याही शरीरात अशी फारकत होत असावी का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. उंदीर मुळात निशाचर असल्याने त्याच्यावरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यासाठी पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या माणसांचाच अभ्यास व्हायला हवा.