मला चढत नव्हती

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझी दारू सुटून सात वर्षं झाली आणि तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो: "पण व्यसन लागलं नेमकं कधी? तुमच्यासारख्या शहाण्या माणसाला कळलं कसं नाही?" यातला 'शहाण्या' सोडून देऊ. तारीख मात्र मीही खूप शोधली.

सापडते ती एक शाबासकी. पंचविशीत मित्रांबरोबर बसलो की बाकीचे तीन पेगांत आडवे व्हायचे आणि मी पाच घेऊन सगळ्यांच्या चपला शोधत असायचो. "याला पचते बुवा," सगळे कौतुकाने म्हणायचे. मलाही तो गुण वाटायचा. आज विचाराल तर पहिलं लक्षण तेच. ज्याला दोन पेगांत मळमळतं त्याचं शरीर त्याला राखत असतं. माझं राखत नव्हतं. ज्यांना कमी चढते त्यांनाच पुढे व्यसनाचा धोका जास्त, हे संशोधकांनीही तपासून पाहिलंय.

पुढचं डॉक्टरांनी समजावलं. मेंदूत गाबा नावाचं शांत करणारं रसायन असतं आणि ग्लुटामेट नावाचं चेतवणारं. दारू पहिल्याचा जोर वाढवते, दुसऱ्याचा दाबते. रोजच दाबली जातेय म्हटल्यावर मेंदू उलट्या बाजूने ओढायला लागतो. रस्सीखेच. तिकडून ओढ वाढली की इकडून एक पेग जास्त. मग एखाद्या सकाळी दारूने दोर सोडला की मेंदू स्वतःच्याच जोराने कोलमडतो: घाम, धडधड, हातांना कंप.

माझी ती सकाळ सहीची होती. बँकेतून चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. दुसरा लिहायला बसलो तर पेन कागदावर नाचायला लागलं. बाथरूमचं दार लावून चार घोट घेतले, वीसेक मिनिटं बसलो, पुन्हा सही केली. जशीच्या तशी! विषावर देतात तो उतारा आणि दारूवर दारू घेतात तोही उताराच, हे त्या दिवशी पटलं. मला लाज वाटली नाही. उपाय सापडल्याचा आनंद झाला.

लिव्हरचं सगळ्यांना माहीत असतं. आधी चरबी, मग सूज, मग सिरॉसिस. मी दुसऱ्या पायरीवर थांबलो, एवढं पुरे. घरात खरी वाट लावली ती आठवणींनी. जास्त झाली की माणूस बोलतो, चालतो, भांडतोही, पण मेंदूतला नोंद ठेवणारा कारकून उठून गेलेला असतो. म्हणजे आपण विसरत नाही, मुळात लिहूनच घेतलं जात नाही. मग सकाळी मी गुप्तहेरासारखा घरभर फिरायचो. "काल जेवायला उशीरच झाला, नाही?" असं काहीतरी मोघम टाकायचं आणि माफी किती मोठी मागायची, ते बायकोच्या चेहऱ्यावरून ठरवायचं.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. सकाळचा चहा तीच आणून द्यायची, नेहमी अर्धा कप. मला वाटायचं, लहान आहे, सांडेल म्हणून भीत असेल.

एकदा इरेला पेटून घरीच एकदम सोडली. ही मर्दुमकी कुणी करू नये. दुसऱ्या दिवशी फिट आली. तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायला लागल्या आणि मी त्या चादरीने पुसत होतो. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर माणूस जाऊही शकतो. इस्पितळात आधी व्हिटॅमिन बी-१ची इंजेक्शनं दिली. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ते फारसं उरत नाही आणि मेंदूला त्यावाचून कायमची इजा होऊ शकते.

नंतर अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकांना जायला लागलो. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात शेअर बाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले, तिथून ही चळवळ सुरू झाली. मला तिथलं एकच आवडलं: "कळलं कसं नाही?" असं कुणी विचारत नाही.

तरी दीड वर्षाने एका समारंभात एक ग्लास घेतलाच. काहीही झालं नाही. रात्री शांत झोप, सकाळी हात स्थिर. म्हटलं, चला, जुना हिशोब मिटला, आता माणसांसारखी पिऊ. पण मेंदू जुनी वही फेकत नाही, शेवटच्या पानावरूनच पुढे सुरू करतो. चौथ्या दिवशी दुपारी घेतली, आठव्या दिवशी पहाटे. घरात कुणाला पत्ता नाही, अशी माझी समजूत.

नवव्या दिवशी सकाळी मुलीने चहा आणून ठेवला. आता ती अकरा वर्षांची होती, आमटीचं भरलेलं पातेलंसुद्धा न हिंदकळता आणायची. कप अर्धाच भरलेला होता.