नऊचे वीस केले तरी उत्तर तेच

आरोग्य उपकेंद्र मंजूर होतं, फक्त जागा ठरायची होती. सपाटीवर पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र मिळतं, डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजारांना. नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातल्या या तीन वस्त्या मिळून तेवढ्याच भरत होत्या. डांबरी रस्त्यालगतचं गाव १,७०० लोकांचं. तिथून तीन किलोमीटरवर मधला पाडा, ५०० लोकांचा. त्याच वाटेने आणखी सहा किलोमीटर चढलं की वरचे पाडे, ८०० लोकांचे.

ऑफिसात बसून मी लोकसंख्या गुणिले अंतर केलं. केंद्र रस्त्यावरच्या गावात धरलं तर माणशी सरासरी २.९ किलोमीटर, मधल्या पाड्यात धरलं तर ३.३. रस्त्यावरचं गाव, विषय संपला. फाईल मिटण्याआधी सहज वरच्या पाड्यांचं अंतर नऊऐवजी वीस करून पाहिलं. उत्तर तेच. पन्नास केलं, तरी तेच! एका वाटेवर निम्म्याहून जास्त माणसं एका ठिकाणी राहत असली, की बेरीज त्यांच्याच पदरात पडते. टोकाचा माणूस किती लांब आहे, याने निकालात काडीचा फरक पडत नाही. इतकी वर्षं मी हेच सूत्र वापरत होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी आशाताईंबरोबर वर निघालो. मधल्या पाड्यापासून पुढचा चढ चढायला मला अडीच तास लागले. पहिल्याच घराच्या ओसरीत एक जाड बांबू आडवा टांगलेला होता. दोन्ही टोकं खांद्यांवर घासून गुळगुळीत झालेली, मध्ये दोराचे काळपट वळ.

"झोळीचा आहे, सर," आशाताई म्हणाल्या. "अडलेल्या बाईला यावरूनच खाली नेतात. उन्हाळ्यात चार माणसं लागतात, पावसाळ्यात सहा."

परतताना रस्त्यावरच्या गावात बैठक झाली. केंद्र मधल्या पाड्यात करायचा विचार मी मांडला. "आम्ही जास्त आहोत, मग चालायचं आम्हीच का?" एका दादांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, त्यांच्याही घरात गरोदर लेकीसुना आहेत. पण १०८ची रुग्णवाहिका त्यांच्या दारापर्यंत येते, जीपही मिळते. सिस्टरांचा मुद्दा मला जास्त जड वाटला: "मधल्या पाड्यात पाणी नाही, वीज जाते. मी रात्री राहायचं कसं?" सिस्टर राहिल्या नाहीत, तर तिथे नुसतं कुलूप दिसणार.

शेवटी मी मधला पाडाच सुचवला. सरासरी चारशे मीटरने वाढते, वरच्यांचं अंतर मात्र नऊवरून सहावर येतं. दोन्ही आकडे प्रस्तावात शेजारी-शेजारी लिहिले. रस्त्यावरच्या गावासाठी अंगणवाडीत आठवड्याला दोन दिवस तपासणी मागितली. अंदाजपत्रकात सगळ्यात वर सिस्टरांची खोली, पाण्याची टाकी आणि सोलर घातलं. त्याच्या खाली इमारत.