आरिसाका रायफल उघडली, आणि दस्त्यात भेग समजून जवळजवळ वाट लावली होती

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. माझ्याकडे जी जपानी रायफल आलीये ती टाइप ९९ आरिसाका, १९३९ चं मॉडेल. ९९ कुठून आलं तर जपानी शाही कालगणनेत ते वर्ष २५९९, त्याचे शेवटचे दोन आकडे. तिच्या आधीची टाइप ३८ मात्र मेइजी ३८ म्हणजे मेइजी राजवटीच्या अडतिसाव्या वर्षाची, १९०५ ची, तिथे मोजायची पद्धतच वेगळी, त्यामुळे नवीन माणूस हमखास गोंधळतो, मीही गोंधळलो.

आधी रायफल रिकामी आहे का ते बघितलं, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, बोट घालून सुद्धा. मग नळीतून उजेड बघितला, कारण युद्धाच्या काळात जपानमध्ये शाळकरी पोरांच्या कवायतीसाठी अगदी अशाच दिसणाऱ्या रायफल्स बनल्या होत्या, आतून गुळगुळीत आणि खऱ्या गोळीसाठी अजिबात नाहीत. माझ्या नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा, दिसले तेव्हा जीव भांड्यात पडला.

बोल्टची, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची, गंमत सांगतो. डाव्या बाजूचा बोल्ट स्टॉप बाहेर ओढला की बोल्ट सरळ मागे निघतो. त्याच्या मागे जो गोल खडबडीत नॉब आहे ना, तोच सेफ्टी, तो तळहाताने दाबून फिरवला की सेफ्टी, स्प्रिंग आणि फायरिंग पिन (काडतुसावर टोला मारते ती) हातात! स्क्रूड्रायव्हर नाही, पान्हा नाही. फायरिंग पिन आतून पोकळ आणि स्प्रिंग तिच्याच पोटात, म्हणून सगळे मिळून पाच-सहाच भाग होतात. जर्मन माउझर रायफलचा बोल्ट खोललेल्यांना विचारा म्हणजे कळेल किती सुटसुटीत काम आहे. फक्त नॉब सोडताना हात ढिला टाकू नका, स्प्रिंग चांगली ताकदीची आहे, माझी टेबलाखाली गेली होती. आत जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं झालेलं, ते सॉल्व्हंटने सोडवलं आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवला, बस. गंजाच्या जागी तेल आणि सगळ्यात बारीक स्टील वूल, हलक्या हाताने. सँडपेपर नाही म्हणजे नाही.

आता दस्ता, म्हणजे रायफलचा लाकडी भाग. खालच्या भागात दोन्ही बाजूंना लांब भेग दिसली, मी म्हटलं गेलं लाकूड, इपॉक्सी कालवून पण ठेवलं होतं. मग लक्षात आलं की भेग दोन्हीकडे एकाच उंचीवर आणि इतकी सरळ कशी असेल? तर ती भेग नव्हतीच, जोड होता! आरिसाकाचा दस्ता मुळातच दोन तुकड्यांचा, खालचा तुकडा खाच पाडून वरच्यात बसवलेला, त्यामुळे लहान लाकडात काम भागतं आणि दोन्ही तुकड्यांच्या लाकडाची शीर, म्हणजे रेषांची दिशा, आपापल्या जागी हवी तशी ठेवता येते. एवढ्या वर्षांत लाकूड आकसलं की रेषा उघडी पडते, एवढंच. इपॉक्सी फेकून दिलं.

पण त्याआधी एक शहाणपणा करून झाला होता, दस्त्यावर एका जागी जवसाचं तेल चोळलं. या दस्त्यांवर उरुशी म्हणजे झाडाच्या चिकाची लाख असते, तेल आत मुरतच नाही, वर चिकट थर बसतो. आणि उरुशीचं झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं! बिब्बा उतलेला ज्याने बघितलाय त्याला सांगायला नको, अशी लाख घासून तिची धूळ उडवणं किती शहाणपणाचं आहे ते. मऊ कोरडं फडकं पुरतं.

चेंबरच्या वर सोळा पाकळ्यांचं शाही शेवंतीचं फूल होतं. १९४५ च्या शरणागतीनंतर बऱ्याच रायफल्सवरचं ते घासून काढलं गेलं, माझ्यावरचंही, पण घाईत, दोन-तीन पाकळ्यांची टोकं राहिलीत. कुणीतरी मला म्हणालं की परत कोरून घे, मस्त दिसेल. अजिबात नाही, ते घासणं हाही तिच्या आयुष्याचाच भाग आहे, फूल कोरलं तर ती खोटी होईल.

बाकी परत जोडायला दहा मिनिटं लागली. बोल्टवरचं डस्ट कव्हर आधीपासूनच नाहीये, असतं तर खडखड वाजलं असतं म्हणतात. जवसाच्या तेलाचा चिकट डाग मात्र अजून आहे, रविवारी फडकं घेऊन बसतो त्याच्यापाशी.