रॉयल अकादमीचं ‘समर एक्झिबिशन’: भिंतीवर जागा मिळते कशी?

रॉयल अकादमी या ब्रिटिश कलासंस्थेचं ‘समर एक्झिबिशन’ १७६९पासून दरवर्षी भरतंय, आता लंडनच्या पिकॅडिलीवर, बर्लिंग्टन हाउसमध्ये. करोनाच्या दोन वर्षांत ते हिवाळ्याच्या तोंडावर ढकललं गेलं, पण चुकलं नाही. चित्रं, छापचित्रं, शिल्पं, फोटो, फिल्म, वास्तुरचनेची मॉडेल्स असं सगळं एकाच छपराखाली. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनासारखाच इथेही कोणीही अर्ज करू शकतो, अगदी भारतात बसूनही.

एका कलाकाराला जास्तीत जास्त दोन कामं पाठवता येतात. प्रत्येक कामाची फी वेगळी आणि ती परत मिळत नाही. पहिली चाळणी फक्त फोटोवरून होते, आणि बरीच चांगली कामं इथेच गळतात. कारण फोटोत फ्रेम आलेली असते, काचेत खिडकी दिसते किंवा कॅमेरा तिरका धरल्यामुळे चौकोनी चित्र पतंगासारखं दिसतं. काच काढून, ढगाळ उजेडात, कॅमेरा चित्राच्या मध्यासमोर, चित्राला समांतर धरून फोटो काढा.

यातून निवडलेली कामंच प्रत्यक्ष लंडनला पोचवायची असतात. भारतातून पाठवायचं तर वाहतूक, विमा, कस्टम्स सगळं आपल्या खिशातून. कलाकृतींवर आयातीच्या वेळी ५ टक्के व्हॅट लागतो. मूळ कलाकृती असल्याचं कागदपत्रांत स्पष्ट नसेल तर नेहमीचा २० टक्के लावला जाण्याची भीती असते. शिवाय निवड समितीसमोर काम ठेवलं म्हणजे लागलंच असं नाही. परंपरेनं तिथे तीन निकाल असतात: स्वीकारलं, नाकारलं आणि ‘बघू’. ‘बघू’वाल्यांचं नशीब मांडणीच्या वेळी, भिंतीवर उरलेल्या जागेवर ठरतं. म्हणून आमचा सल्ला सरळ आहे: पहिल्यांदा पाठवत असाल तर लहान काम पाठवा. दोन मोठ्या चित्रांमधल्या फटीत हातभर फ्रेम बसते, सहा फुटी कॅनव्हास बसत नाही.

सुटे भाग असलेल्या शिल्पांचं काय होऊ शकतं, ते २००६मध्ये दिसलं. शिल्पकार डेव्हिड हेन्सेल यांनी हसणारं मुंडकं आणि ते ज्यावर बसवायचं तो पाटीच्या दगडाचा ठोकळा पाठवला. दोन्ही वस्तू वेगळ्या झाल्या, समितीला ती दोन स्वतंत्र शिल्पं वाटली. मुंडकं नाकारलं गेलं आणि ठोकळा, वर मुंडक्याच्या टेकूसाठी ठेवलेल्या लाकडाच्या तुकड्यासकट, प्रदर्शनात मांडला गेला! तेव्हा प्रत्येक भागावर नाव, ‘१/२’, ‘२/२’ आणि जोडलेल्या कामाचा फोटो चिकटवा. आणि काम मोठ्या कलाकाराचं आहे म्हणून नाव झाकूनही निवडलं जाईल, असंही नाही. २०१८मध्ये बँक्सीनं (ओळख लपवून भिंतींवर चित्रं काढणारा प्रसिद्ध ब्रिटिश कलाकार) वेगळ्याच टोपणनावानं पाठवलेलं काम नाकारलं गेलं होतं. नंतर त्यालाच आमंत्रण गेलं, हा भाग वेगळा. त्याच वर्षी अंगणात मुंबईत जन्मलेले अनिश कपूर यांचं भलंमोठं शिल्प होतं.

बहुतेक कामं विकाऊ असतात. अकादमी कमिशन घेते आणि त्या कमिशनवर व्हॅटही असतो, त्यामुळे किंमत लिहिताना आधी हातात किती हवेत ते ठरवून उलटा हिशोब करा. छापचित्रांचं गणित सगळ्यात फायद्याचं. भिंतीवर एकच प्रत, पण आवृत्ती ५०ची, म्हणजे एकाच चित्राच्या ५० प्रती असतील, तर तिच्या शेजारी लाल ठिपक्यांची (एक ठिपका म्हणजे एक प्रत विकली) रांग लागू शकते. फ्रेमसकट आणि फ्रेमविना अशा दोन किमती द्या.

नुसतं बघायला येणाऱ्यांसाठी: कामांजवळ फक्त क्रमांक असतो, नाव-किंमत नाही. त्यासाठी यादी लागते, ती आत शिरतानाच घ्या. चित्रं जमिनीजवळून पार वरपर्यंत, एकावर एक लावलेली असतात. वरच्या रांगेतली काचेची चित्रं छतातून येणाऱ्या उजेडात चमकतात, तिथे समोर उभं राहून मान मोडण्यापेक्षा दोन पावलं बाजूला सरका. छापचित्रांच्या खोलीत आधी जा, दुपारनंतर तिथे गर्दी असते. ग्रीन पार्क किंवा पिकॅडिली सर्कस, कुठल्याही ट्यूब (भुयारी रेल्वे) स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं.