ओ-थ्री लावलं म्हणजे झालं असं नसतं

कोड स्लो चालला की पहिला सल्ला ठरलेला, "ओ-थ्री लाव" (-O3, कम्पायलरला कोड जोरात ऑप्टिमाइझ करायला सांगणारा पर्याय). लावा ना, पण ओ-टू (त्याच्या एक पायरी खालचा) आणि ओ-थ्री मधे बऱ्याच कोडला जेमतेमच फरक पडतो आणि जीसीसी कम्पायलरच्या १२व्या आवृत्तीपासून तर ओ-टू मधेच ऑटो-व्हेक्टरायझेशन (एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम करणारा कोड आपोआप बनवणं) चालू असतं. त्याआधी बघा की कम्पायलरला प्रोसेसर कुठला ते सांगितलंय का? नाही सांगितलं तर तो बिचारा २००३ च्या पहिल्या ऑप्टेरॉन प्रोसेसरवर पण चालेल असा कोड काढतो, एसएसई२ (१२८ बिटच्या जुन्या सूचना) वाला, एका दमात ४ फ्लोट (दशांश आकडे), आणि तुमच्या मशीनमधलं २५६ बिटचं एव्हीएक्स, म्हणजे दुप्पट रुंद सूचना, नुसतं पडून राहतं.

मग मार्च=नेटिव्ह (-march=native, याच मशीनच्या प्रोसेसरसाठी कोड काढ) लावायचं. पण ती बायनरी (तयार प्रोग्रॅम) दुसऱ्या मशीनवर नेली की "इलीगल इन्स्ट्रक्शन" येऊन आपटू शकते, आणि दरवेळी जुन्याच मशीनवर आपटेल असंही नाही, इंटेलच्या ११व्या जनरेशनच्या डेस्कटॉप चिपमधे एव्हीएक्स-५१२ होतं, १२व्या मधे ते बंद केलं! वाटायचीच असेल बायनरी तर एक्स८६-६४-व्ही३ (एव्हीएक्स२ पर्यंतच्या सूचनांची ठरलेली पातळी) धरा, किंवा टार्गेट-क्लोन्स वापरा, एकाच फंक्शनच्या दोन-तीन आवृत्त्या बनतात आणि चालताना योग्य ती निवडली जाते. मला हे फार आवडतं.

आता खरी गंमत. फ्लोट ॲरेची बेरीज करणारा साधा लूप घ्या, ओ-थ्री, नेटिव्ह सगळं लावा आणि ऑब्जडंप टूलने असेम्ब्ली (प्रोसेसरला मिळणाऱ्या सूचना) बघा, तरी व्हीॲडएसएस दिसतं, म्हणजे एकेकच आकडा मिळवतोय. कारण फ्लोटच्या बेरजेचा क्रम बदलला की उत्तर शेवटच्या घरात बदलू शकतं, म्हणून कम्पायलर स्वतःहून क्रम बदलत नाही आणि ते बरोबरच आहे. लोक इथे सरळ फास्ट-मॅथ (असे क्रम बदलायची परवानगी देणारा पर्याय) लावतात, पण त्यात नॅन (NaN, आकडाच नसलेलं उत्तर) येणारच नाही असं गृहीत धरलं जातं आणि तुमचे इझनॅन वाले चेक गुपचूप उडतात. पूर्ण प्रोजेक्टला ते लावू नका, प्लीज. त्यापेक्षा तेवढ्या लूपमधे आठ वेगळ्या बेरजा ठेवा आणि शेवटी एकत्र करा.

एआरएम प्रोसेसरवर जाताना एक लक्षात ठेवा, तिथे जीसीसीला मार्चऐवजी एमसीपीयू=नेटिव्ह (-mcpu=native) द्यायचं. निऑन (एआरएमचं एसएसई-एव्हीएक्ससारखं) १२८ बिटचंच आहे म्हणून नाक मुरडू नका, ॲपलच्या एम१ च्या मोठ्या कोअरमधे अशी चार युनिट्स एकदम चालतात.